शेतीतील अप्रमाद : वसंतारंभीचे कीटकविश्व आणि शाश्वत शेती

(भाषणाचा मजकूर)



माघ सरत आला की कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या शिवाराचे रूप पालटू लागते. बांधावरचा पळस फुलतो, आंब्याला मोहोर येतो, हरभऱ्याचे घाटे भरतात, गव्हाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात. कांद्याच्या बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्यांत पांढरे गोंडे डुलतात. एकीकडे उसाची तोड चालू असते, तर दुसरीकडे सुरू हंगामातील नव्या उसाचे कोंब जमिनीवर येत असतात. थंड प्रदेशात वसंत म्हणजे हिमनिद्रेतून सृष्टीला आलेली जाग. दख्खनच्या पठारावर मात्र वसंत हा रब्बीचे पीक पदरात पडण्याचा आणि उन्हाळी पिकाचा पाया घालण्याचा, असा दुहेरी काळ असतो.

याच दिवसांत कीटकसृष्टीचीही लगबग वाढते. कीटकांना स्वतःची अशी स्थिर देहोष्णता नसते. भोवतालची हवा तापू लागली की त्यांची वाढ वेगाने होते, पिढ्या लवकर उलटतात. थंड व ढगाळ हवेत करडईवर, गव्हावर मावा पसरतो. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे येतात, हरभऱ्यात घाटेअळी शिरते, द्राक्षाच्या घडांत पिठ्या ढेकूण दडून बसतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरण्याचा आणि या असंख्य सूक्ष्म जीवांच्या भरभराटीचा काळ एकच असतो, आणि नेमक्या याच वेळी त्याच्या हातात फवारणीचा पंप येतो.

सांगली-कोल्हापूर आणि लगतच्या बेळगाव भागातील जैन समाज मोठ्या संख्येने शेतकरी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. या समाजाच्या घरात पाणी गाळून घेतले जाते, ते पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले जाते, ते दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकांचा घात होऊ नये म्हणून. असे असता त्याच घराच्या शेतात तोडणी झालेल्या फडाचे पाचट पेटवले जात असेल, भर फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले जात असेल, तर घर आणि शेत यांच्यात एक दरी पडली आहे असेच म्हणावे लागेल. ही दरी कशी भरून काढता येईल, हाच या भाषणाचा विषय आहे.

कृषी आणि हिंसा

शेती हा त्याज्य व्यवसाय आहे असे जैन परंपरेने कधीही मानले नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची जी सहा साधने शिकवली, त्यांत असी आणि मसीबरोबरच कृषीचीही गणना आहे. गृहस्थाच्या जीवनातील हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा, म्हणजे जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने केलेल्या हिंसेचा, श्रावकाने त्याग करावा, आणि उरलेली हिंसा जितकी कमी करता येईल तितकी करावी, अशी ही शिकवण आहे. नांगर चालवला तर जमिनीतील जीव दुखावणारच. तेवढ्यासाठी कोणी शेती सोडावी असे कोणी म्हटलेले नाही.

परंतु तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या एका शब्दाकडे लक्ष वेधते. तो शब्द म्हणजे प्रमाद. बेसावधपणाने, निष्काळजीपणाने होणारा प्राणांचा घात म्हणजे हिंसा. मुनी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, त्यामागेही हीच दृष्टी आहे. जीव वाचवण्याची पहिली अट म्हणजे पाहणे. शेतकऱ्याला मुनींचे व्रत पाळता येणार नाही हे उघड आहे, पण पाहून मग पाऊल टाकण्याची रीत त्याला शेतात निश्चितच आणता येईल. आनंदाची गोष्ट अशी, की आजचे कृषिविज्ञानही शेतकऱ्याला नेमके हेच सांगत आहे.

कीटक म्हणजे कीड नव्हे

विज्ञानाने आजवर कीटकांच्या सुमारे १० लाख जातींची नोंद केली आहे. त्यांपैकी पिकांचे गंभीर नुकसान करणाऱ्या जातींचे प्रमाण अत्यल्प आहे. उरलेल्या कीटकांत कोणी परागीभवन करतो, कोणी पालापाचोळा कुजवून मातीत मिसळतो, तर कोणी दुसऱ्या कीटकांवर जगतो. बोलीभाषेत मात्र आपण सर्वांना सरसकट ‘कीड’ म्हणून मोकळे होतो, आणि शब्द चुकला की हातही चुकतो.

माघातल्या करडईच्या शेतात जाऊन एक झाड नीट न्याहाळावे. शेंड्यावर काळा मावा दाटलेला दिसेल. माव्याच्या माद्यांना या दिवसांत नराची गरज नसते. त्या थेट पिलांना जन्म देतात, आणि आठ-दहा दिवसांत ती पिलेही प्रजननक्षम होतात. ही वाढ पाहून शेतकऱ्याचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. पण त्याच झाडावर लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडाही फिरत असतो. एक प्रौढ ढालकिडा दिवसाकाठी ५० च्या आसपास मावा खाऊ शकतो, आणि त्याची करड्या रंगाची, मगरीसारखी दिसणारी अळीही तितकीच खादाड असते. पुष्कळ शेतकरी ही अळी म्हणजे नवीनच कीड समजून तिच्यावर फवारणी करतात. शेजारी हवेत एका जागी स्थिर राहून उडणारी सिरफिड माशी असते. तिची अळी मावा खाते आणि ती स्वतः फुलांवरून परागकण वाहते. फिकट हिरव्या, जाळीदार पंखांचा क्रायसोपाही तेथेच अंडी घालतो. बारीक देठावर टांगलेली ती अंडी एकदा ओळखू आली की विसरत नाहीत. हे सर्व मित्रकीटक संख्येने उशिरा वाढतात, कारण आधी त्यांचे अन्न वाढावे लागते. शेतकऱ्याने घाईने फवारणी केली की मावा आणि मित्रकीटक दोघेही मरतात, पण मावा आठवडाभरात पुन्हा उभा राहतो, मित्रकीटक मात्र लवकर परतत नाहीत. मग दुसरी फवारणी करावी लागते, त्यानंतर तिसरी.

लोकरी माव्याने दिलेला धडा

ही केवळ पुस्तकातील गोष्ट नव्हे. या भागातील ऊस उत्पादकांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता तो पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पसरला. पानाच्या मागच्या बाजूला कापसासारखा पांढरा थर साचे. माव्याच्या अंगातून पाझरणारा चिकट द्राव खालच्या पानांवर पडून त्यावर काळी बुरशी वाढे, आणि हिरवेगार फड काजळी धरल्यासारखे दिसू लागत. उत्पादन घटले, साखरेचा उतारा घटला. जनावरांसाठी नेलेल्या वाढ्यांबरोबर आणि वाऱ्याबरोबर हा मावा एका गावातून दुसऱ्या गावात गेला.

पहिला उपाय म्हणून अर्थातच फवारणी झाली. पण पुरुषभर उंचीच्या, पडलेल्या, गच्च उसात माणूस शिरणार कसा, आणि पानाच्या मागे दडलेल्या माव्यापर्यंत औषध पोचणार कसे? पैसा गेला, मावा मात्र हटला नाही. त्याच वेळी काही फडांत शास्त्रज्ञांना आणि जाणत्या शेतकऱ्यांना निराळेच दृश्य दिसले. पांढऱ्या थरात एक हिरवट अळी वावरत होती आणि मावा फस्त करीत होती. ती डिफा नावाच्या पतंगाची अळी होती. शेतकऱ्यांत ती कोनोबाथ्रा या जुन्या नावानेही ओळखली जाई. तिच्या जोडीला मायक्रोमस हा दुसरा भक्षक कीटकही आढळला. कृषी विद्यापीठे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बंगळूर येथील जैविक कीड नियंत्रणाची संशोधन संस्था आणि साखर कारखाने यांनी हे मित्रकीटक वाढवण्याचे व वाटण्याचे काम हाती घेतले. शेडनेटमध्ये त्यांची वाढ करण्यात आली. डिफाच्या अळ्या व कोष असलेली उसाची पाने शेतकरी एका फडातून नेऊन दुसऱ्या फडात टाचू लागले. पुढे आसाम भागातून आणलेला एनकार्सिया हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा परोपजीवी कीटकही येथे स्थिरावला. ‘मित्रकीटक दिसत असतील तर फवारणी करू नका’ हा सल्ला त्या काळात गावोगावी दिला गेला. काही वर्षांतच लोकरी मावा आटोक्यात आला, आणि तो मुख्यतः या न दिसणाऱ्या सेवकांमुळे आला.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या शेतात विष कमी पडले, त्या शेतात मित्रकीटक वाचले, आणि वाचलेल्या कीटकांनी शेजारचे शेतही वाचवले. जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावे हा तत्त्वार्थसूत्रातील विचार उसाच्या फडात असा प्रत्यक्ष दिसला.

टाळता येण्याजोगी हिंसा

वसंतारंभीच्या शेतीत तीन ठिकाणी अशी हिंसा घडते, जिच्यातून शेतकऱ्याच्या हाती काहीही पडत नाही.

पहिली, पाचटाची आग. हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट ऊसतोडीनंतर शेतात उरते. एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळे होते, म्हणून ते पेटवण्याची सवय जडली आहे. त्या आगीत कोळी, ढालकिडे, मित्रकीटकांचे कोष, जमिनीच्या वरच्या थरातील असंख्य जीव आणि जिवाणू यांचा अंत होतो. जमिनीला मिळणारे सेंद्रिय द्रव्य धूर होऊन जाते. हेच पाचट खोडव्याच्या सरीत पसरले, त्यावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी दिले, तर ते हळूहळू कुजून खत होते. ओल टिकते, तण कमी उगवते, आणि आच्छादन असलेल्या उसात खोडकिडीचा उपद्रवही कमी राहतो. येथे अहिंसा आणि लाभ यांच्यात काही विरोध आहे, असे कोणाला म्हणता येईल काय?

दुसरी, फुलोऱ्यातील फवारणी. आंब्याच्या मोहोरावर माश्या, मधमाश्या आणि इतर लहान कीटक येतात आणि फळधारणा बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. कांद्याच्या बियाण्याच्या पिकात तर मधमाशी नसेल तर गोंडे दिसायला भरगच्च आणि आतून पोकळ निघतात. सूर्यफुलाचेही तसेच आहे. जैन श्रावकाला मध वर्ज्य आहे. मद्य आणि मांसाबरोबर मधाचाही त्याग मूलगुणांत सांगितला आहे. परंतु मध वर्ज्य म्हणून मधमाशी परकी ठरत नाही. उलट मधाची अपेक्षा न ठेवता तिचे रक्षण करणे हे या समाजाला अधिक शोभणारे आहे. बांधावरच्या झाडावरील मोहोळ जाळू नये, आणि फुले उमललेली असताना फवारणी टाळावी. फवारणी अगदीच अटळ झाली तर मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर, संध्याकाळी करावी. एवढे पथ्य पाळले तरी हजारो जीव वाचतील आणि बियाण्याचे वजनही वाढेल.

तिसरी, तारीख पाहून केलेली फवारणी. शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून, किंवा दुकानदाराने सांगितले म्हणून होणारी फवारणी हा शुद्ध प्रमाद होय. तिची किंमत कीटकांबरोबर माणसेही मोजतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राणास मुकावे लागले. किडीही विषाला सरावतात. हरभऱ्यातील घाटेअळी, कापसातील हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी ही एकाच कीटकाची रूपे आहेत. १९८७-८८ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील कापसावर या अळीने हाहाकार माजवला, तेव्हा काही वर्षांपूर्वी रामबाण ठरलेली पायरेथ्रॉइड गटातील औषधे तिच्यापुढे निष्प्रभ ठरली होती.

आधी डोळे, मग पंप

मग शेतकऱ्याने करावे तरी काय? पीक अळीच्या स्वाधीन करून स्वस्थ बसावे, असे येथे सुचवायचे नाही. हरभऱ्याचेच उदाहरण घ्यावे.

पेरणीच्या वेळीच हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे विखरून टाकावेत. त्यांची ताटे उंच वाढतात आणि कोतवाल, साळुंकी, वेडा राघू यांना बसायला जागा होते. पूर्वीच्या पिढीची मिश्रपिके अडाणीपणाची नव्हती, हे आता संशोधकही मान्य करतात. कडेने झेंडू आणि मधून कोथिंबीर असावी. झेंडूकडे घाटेअळीचा पतंग अंडी घालण्यासाठी ओढला जातो, आणि कोथिंबिरीच्या फुलांवर मित्रकीटकांना मधुरस मिळतो. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. शेतात पतंग आले आहेत की नाहीत, याची वर्दी ते देतात. आठवड्यातून दोनदा शेतात फिरून निरनिराळ्या ठिकाणी एकेक मीटर ओळीतील अळ्या मोजाव्यात. मीटरमागे १ ते २ अळ्या आढळल्या तरच उपायाची वेळ आली असे समजावे. याला कृषिशास्त्रात आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. तिच्याखालची संख्या पिकाला सोसवते, आणि मित्रकीटकांचे पोटही तिच्यावरच चालते.

पातळी ओलांडली तर पहिला पर्याय ५ टक्के निंबोळी अर्काचा. वाळवलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी गाळून त्यात १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. या अर्काने अळीची भूक मंदावते, तिची वाढ खुंटते, पतंग अंडी घालायला कचरतो. मात्र निंबोळी माघात मिळत नाही. ती ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडते, तेव्हाच वेचून, वाळवून ठेवावी लागते. शाश्वत शेतीत अशी सहा-आठ महिने आधीची दूरदृष्टी लागते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घाटेअळीवर विषाणूंची फवारणी केली जाते. त्याने अळी आजारी पडून झाडाच्या शेंड्याला उलटी लटकून मरते. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावले जाते. त्यातून निघणारे ट्रायकोग्रामा हे अर्ध्या मिलिमीटरचे कीटक किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालतात. ही जैविक साधने असली तरी परिणामी जीव जातोच. त्यांना अहिंसक म्हणावे काय? स्पष्टच सांगायचे तर, नाही. ती हिंसाच आहे. फरक आहे तो व्याप्तीचा. रासायनिक विष शत्रू-मित्र पाहत नाही. पक्षी, गांडूळ, मधमाशी, ओढ्याचे पाणी आणि फवारणारा मजूर या सर्वांवर ते पडते. जैविक उपाय एका विशिष्ट जीवापुरता राहतो. म्हणून पायऱ्या ठरवून घ्याव्यात. पहिली, शेत असे राखणे की कीड वाढूच नये. दुसरी, आहेत त्या मित्रकीटकांना व पक्ष्यांना अभय देणे. तिसरी, कीड परतवणारे उपाय. चौथी, जैविक साधने. आणि या साऱ्या पायऱ्या चढूनही पीक हातचे जात असेल तरच, शिफारशीतील मात्रेत, अंगभर कपडे, हातमोजे व तोंडाला फडके बांधून, काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळून, रासायनिक औषध. कोणत्या पायरीवर थांबायचे हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. पण पहिली पायरी ओलांडून एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेण्याचा अधिकार विवेकाला नाही.

पहिल्या पायरीत खताचाही विचार येतो. युरियाचा अतिरेक झाला की पाने लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या किडींना आयतेच निमंत्रण मिळते. नव्या उसाला दीड महिन्याच्या सुमारास बाळबांधणी केली, वेळेवर पाणी दिले, तर खोडकिडीचा जोर कमी होतो. संतुलित खत, योग्य अंतर, फेरपालट आणि बांधावरची चार झाडे हीच खरी पीकसंरक्षणाची साधने होत.

बंधू-भगिनींनो, येथे बसलेल्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाने यंदा तीन लहान नियम घ्यावेत. पाचट पेटवणार नाही. फुलोऱ्यात फवारणी करणार नाही. आणि पानाची मागची बाजू पाहिल्याशिवाय पंप पाठीवर घेणार नाही. हे नियम घरातील तरुणांनी आणि विशेषतः भगिनींनी मनावर घ्यावेत, कारण खुरपणीला आणि काढणीला रोपांच्या सर्वांत जवळ त्याच असतात, आणि कीड प्रथम दिसते ती त्यांनाच. शाळकरी मुलांना सुट्टीच्या दिवशी शेतात नेऊन ढालकिड्याची अळी, क्रायसोपाचे देठावरचे अंडे आणि डिफाचा कोष दाखवावा. जो जीव ओळखीचा होतो, त्याच्यावर हात सहजासहजी उगारला जात नाही.

घरात पाणी गाळण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण तो रोज पाळला गेला आणि मुलांनी तो रोज पाहिला. फाल्गुन तोंडावर आला आहे, ऊसतोड संपत आली आहे, रिकाम्या फडांत पाचट पसरलेले आहे. शेतातल्या या संस्काराचा आरंभ त्या पाचटापासून व्हावा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!